हॅटी येणार आहे

अकराला हॅटी येणार आहे.
नऊपासून शाल्मली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
एक मोजा पायात, एक हातात.
"अकरा म्हणजे किती वेळ, बाबा?"
एक आंघोळ, एक नाश्ता,
आणि स्टॉकपोर्टच्या त्या विटांच्या पुलावरून
पाच-सहा गाड्या, मी म्हणतो.
ती खिडकीशी मोजायला बसते. एक गेली.
"ही लांब होती. दोन धरू?"

हॅटीच्या आईचा निरोप कालच आलाय:
शेंगदाणे चालत नाहीत, अगदी कणभरही.
कणभर! या घरात!
कुटाची बरणी, चिक्कीचा डबा,
सोलापूरहून तीन पिशव्यांत गुंडाळून आलेली चटणी
सगळं मी कपाटावर चढवतो,
ओटा तीनदा पुसतो,
मिक्सरचं भांडं उलटं करून हुंगतो
चोरीचा माल लपवल्यासारखा.

शाल्मली खालून बघत असते.
"तू नाही देणार हॅटीला?"
नाही गं, तिला त्रास होतो.
"मलापण होतो,"
ती म्हणते, आणि हत्ती पुढे करते.

कापडी हत्ती. एक कान चोखून चोखून राठ झालेला,
सोंडेतला कापूस कधीच गेला, नुसती घडी उरलीय.
शाळेच्या पहिल्या आठवड्यात ती धावत आली होती,
"आमच्या वर्गात एक मुलगी आहे ना,
तिचं नावच हत्ती!"
मैत्री तिथूनची.
आणि आता हत्तीला हत्ती द्यायचा नाही.

बरं. जे द्यायचं नाही ते वर.
खाली राहील ते दोघींचं. कबूल?
ती विचार करते. मग रांग लागते:
हत्ती. निळा खडू. प्लास्टिकचा पाव.
माझी डावी चप्पल.
"तिने घातली तर?"

मग रंगीत तालीम.
मी हॅटी. गुडघ्यांवर रांगत दारातून आत येतो,
ऑफिसातल्या इंग्रजीत विचारतो,
मला पण खेळायला घेशील का?
ती कमरेवर हात ठेवते.
"हॅटी असं नाही बोलत."
पुन्हा येतो. निम्मे शब्द गिळतो, इथल्यासारखे.
"असंपण नाही."
तिसऱ्यांदा माझ्या तोंडावरच हात.
"तू मराठीतच हॅटी हो."

तेव्हा मी, बेचाळीस वर्षांचा, मिशीवाला,
मराठीत हॅटी होतो.
ए शाल्मली, दे ना गं तुझा हत्ती. थोडाच वेळ.

आणि ती देते.
लगेच. मला उठायला लावून, कपाटावरून काढायला लावून
माझ्याच हातात देते,
वर बजावते, कान ओला आहे, सांभाळून.

सांगायला हवं होतं खरं तर
की ती हॅटी असं विचारणार नाही.
सांगत नाही.
पुलावरून सहावी गाडी जाते,
तिच्या हिशेबाने नववी.
"आता ठेव वर," ती म्हणते, "खरी येतेय."

बेल वाजते
आणि दोन तासांची सगळी घाई जिन्यातच संपते.
शाल्मली माझ्या पायामागे.
दार उघडतो तर एक आई, मिटलेली छत्री,
आणि तिच्या पायामागून
पिवळ्या बुटाचं एक टोक.
आम्ही मोठे हवेबद्दल बोलतो.
मग शेंगदाण्यांबद्दल. मग परत हवेबद्दल.
पायांमागे काहीच हलत नाही.

मग माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून, अगदी हळू,
कुणाला उद्देशून कोण जाणे:
"हत्ती वर आहे."

आपल्याला हाक मारली असं वाटून
पिवळा बूट उंबरठ्याच्या आत येतो.